वाचकांचे प्रश्न : हृदय आणि रक्त

या महिन्याच्या बहुतेक पत्रांना एकेक कागद जोडलेला आहे. कुणी बीपीच्या नोंदी पाठवल्या आहेत, कुणी रक्ताचा रिपोर्ट, कुणी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. कागदावरचा आकडा जसा शरीरातून येतो तसाच तो मोजणाऱ्याच्या हातातूनही येतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे उत्तराची सुरुवात आकडा कसा घेतला इथूनच केली आहे.

प्रश्न (अमळनेर) : वडील ६१ वर्षांचे. दवाखान्यात बीपी १५८/९४ आला, घरच्या डिजिटल मशीनवर १३२/८४, दुसऱ्या दिवशी मेडिकल दुकानात १५०/९०. मशीन बदलावं का?

मशीनकडे नंतर बघू. आधी तिन्ही वेळा वडील कसे बसले होते ते आठवा. एसटीतून उतरून, जिना चढून, बाकड्यावर टेकले की लगेच दंडाला पट्टा, असं झालं असेल तर तो आकडा प्रवासाचाही आहे.

बीपीत दोन आकडे का असतात ते कळलं की बाकीचं सोपं जातं. डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त महाधमनीत फेकते. धमनीची भिंत रबरासारखी ताणली जाते, तेव्हाचा दाब हा वरचा आकडा. मग झडप मिटते, हृदय पुन्हा भरून घेतं आणि तेवढा वेळ ताणलेली भिंत आवळत जाऊन रक्त पुढे ढकलत राहते. पुढचा ठोका पडण्याआधी दाब उतरून जिथे येतो तो खालचा आकडा. वय वाढलं की भिंत ताठर होते, झटका सामावून घेत नाही, म्हणून साठीनंतर अनेकांचा वरचा आकडा चढतो आणि खालचा जागेवर राहतो किंवा उतरतो.

आता मोजणं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नाही. लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयानेही दाब चढतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, ५ मिनिटं गप्प बसणं. बाही वर सरकवून दंडाला आवळ बसवू नका, हात बाहीतून काढा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीच्या दोन बोटं वर, आणि हात टेबलावर असा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. या शेवटच्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. हात हृदयाच्या पातळीखाली गेला की दर सेंटिमीटरला पाऱ्याच्या पाऊण मिमीच्या आसपास दाब जास्त दिसतो, कारण तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिसळतं. हात मांडीवर लोंबता ठेवला तर ८-१० मिमी फुकटचे वाढतात. पट्टा लहान असेल तरी आकडा चढतो. नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो, तो घेर पट्ट्यावर छापलेला असतो. वडिलांचा दंड टेपने मोजा.

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हातावर जास्त येतो तोच पुढे कायम ठेवा. मग ७ दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढे असेल तर बीपी आहे असं धरतात, दवाखान्यात ही रेषा १४०/९० आहे. तुमचे १३२/८४ रेषेला चिकटून आहेत, म्हणजे 'घरी नॉर्मल येतो' म्हणून निश्चिंत होण्यासारखे नाहीत. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मशीनही सोबत न्या, त्यांच्या यंत्राशी लगेच ताडून बघता येईल. नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशीन फसतं. ते ठोक्याचा आवाज ऐकत नाही, पट्ट्यातली थरथर मोजून हिशोब करतं. अशा वेळी स्टेथोस्कोप लावून कानाने ऐकलेला बीपी घ्यावा. ही पद्धत १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने दिली आणि आजही ती मोडीत निघालेली नाही.

प्रश्न (भुसावळ) : बीपीची गोळी चालू आहे. मे महिन्यात उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपी ९६/६०. गोळी बंद केली तर चालेल का?

स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा. आपल्याकडे पारा ४४-४५ वर गेला की शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घामातून पाणी-मीठ घालवतं. नळ्या रुंद झाल्या आणि आतलं पाणी कमी झालं, तर दाब उतरणारच. त्यात माणूस उठला की अर्धा लिटरहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारी केंद्रं असतात. ती क्षणात नाडी वाढवून आणि वाहिन्या आवळून ही घट भरून काढतात. शरीरात पाणीच कमी असेल, किंवा गोळीने ही यंत्रणा मंदावलेली असेल, तर मेंदूला दोन-चार सेकंद रक्त कमी पडतं. तुमची गोळी लघवी वाढवणारी असेल तर हिवाळ्यातला डोस उन्हाळ्यात जड पडू शकतो.

आडवं पडून ५ मिनिटांनी बीपी घ्या, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना डोस ठरवायला ही एक ओळ फार उपयोगी पडते. तोवर खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडून बसा, पोटऱ्या १०-१५ वेळा आवळा, मग उभे राहा. पोटरीचा स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतो, आणि शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला, ग्लासभर पाण्यात नाही. ज्यांचं हृदय कमजोर आहे किंवा पायावर सूज आहे त्यांनी पाणी आणि ओआरएस किती घ्यायचं ते विचारूनच घ्यावं.

उन्हातून आलेला माणूस बरळू लागला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न (रावेर) : आमची केळीची बाग. वडिलांच्या हृदयाची पंपिंग कमी आहे. डॉक्टरांनी केळी बंद सांगितली. केळं हृदयाला वाईट?

नाही. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला केळं चांगलंच. वडिलांना मनाई आहे ती पोटॅशियमसाठी. मध्यम केळ्यात ते सुमारे ४०० मिग्रॅ असतं. हृदयाचा ठोका पेशींच्या आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या फरकावर चालतो. रक्तात ते ३.५ ते ५ च्या आसपास राहायला हवं. ६ च्या वर गेलं तर ठोका बिघडतो, आणखी वाढलं तर हृदय थांबू शकतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात, त्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर बाहेर जायची वाट आणखी अरुंद होते. नारळपाणीही त्याच यादीत येतं. आणि 'लो सोडियम' मीठ सर्वांत आधी बंद करा, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइडच असतं. बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून घरात आणलेली ती पुडी वडिलांसाठी डझनभर केळ्यांपेक्षा घातक ठरू शकते.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम अचानक जास्त आलं आणि माणूस ठीक असेल तर ईसीजी काढून नमुना पुन्हा द्या. रक्त काढताना मूठ जोरजोरात उघड-मीट करायला लावली, पट्टा बराच वेळ आवळून ठेवला किंवा बाटली हापटली, तर लाल पेशी फुटून किंवा स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो.

प्रश्न (शहादा तालुका) : बहीण २१ वर्षांची, लग्न ठरतंय. आश्रमशाळेत असताना सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) 'पॉझिटिव्ह' सांगितलं होतं. कागद हरवला. ती कधी आजारी पडलेली नाही. लग्न करावं का?

करावं. पण आधी तो 'पॉझिटिव्ह' शब्द बाजूला ठेवा, त्याने अनेक घरं विनाकारण घाबरवली आहेत आणि काही घरं विनाकारण निर्धास्त ठेवली आहेत.

शाळेत झाली ती बहुधा विद्राव्यता चाचणी. २ मिली द्रावणात बोटाच्या टोकाचं जेमतेम एक थेंबभर रक्त टाकतात. द्रावणातलं रसायन हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन विरघळून जातं, नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा स्पष्ट दिसतात. सिकलचं हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण ताकासारखं गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. 'एस' हिमोग्लोबिन आहे, एवढंच ती सांगते. ते आईवडिलांपैकी एकाकडून आलं (एएस, वाहक) की दोघांकडून (एसएस, आजार), हे ती सांगू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती फसवतेच, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी निकाल गडबडतो.

म्हणून बहिणीची आणि मुलाचीही एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून घ्या. बहीण इतकी वर्षं ठणठणीत आहे त्यावरून ती वाहक असण्याचीच शक्यता जास्त, पण खात्री कागदानेच होईल. वाहकात 'ए' हिमोग्लोबिन 'एस' पेक्षा जास्त असतं. मुलगा 'एए' (दोन्हीकडून साधं हिमोग्लोबिन) असेल तर त्यांचं एकही मूल सिकलचं आजारी होणार नाही, फार तर वाहक होईल. मुलगाही 'एएस' निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वाटा आजाराचा, दोन वाहकाचे, एक पूर्ण निरोगी. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. दर वेळी फासे नव्याने पडतात. मुलाच्या रिपोर्टात आणखी एक रकाना बघायला लावा: ए२. तो ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर मुलगा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असू शकतो. त्याच्यात 'एस' नाही म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र आले तर मूल सिकलच्या रुग्णासारखंच आजारी पडू शकतं. हा रकाना वाचायचा राहून जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दोघंही वाहक असले तरी लग्न मोडायलाच हवं असं नाही. गरोदर राहिल्यावर लगेच सांगायचं. १० ते १३ आठवड्यांत वारेचा कण किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासून बाळाचं कळतं. आणि मुलाकडच्यांना आधीच सांगा. दोष दोघांपैकी एकाचाही नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला हे जास्त का? एकेकाळी या जंगलपट्टीत हिवतापाने मुलं मरत, आणि 'एस'ची एकच प्रत असलेलं मूल घातक हिवतापातून जगण्याची शक्यता जास्त असे. म्हणून हा बदल पिढ्यानपिढ्या टिकला. बदल एवढासाच: हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनतात आणि एरवी मऊ, गोल पेशी विळ्यासारखी वाकून ताठ होते. केसाहून बारीक वाहिनीतून लाल पेशी अंग चोरून, घडी पडून जाते. ताठ पेशी तिथेच अडकते, मागचं रक्त तुंबतं. हाडं, छाती, पोट दुखतं ते यामुळे. शिवाय निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळसर.

घरात एसएसचं मूल असेल तर त्याच्या दुखण्याला 'नाटक' म्हणू नका. पाणी भरपूर, थंडीत अंग झाकलेलं, रोज फॉलिक ॲसिड, लसी पूर्ण. ताप १०१ च्या वर गेला तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला कशी लागते ते आईने परिचारिकेकडून शिकून घ्यावं. ती अचानक मोठी झाली आणि मूल पांढरंफटक पडलं तर रक्त प्लीहेत अडकलेलं असतं, तिथे तासांचा हिशोब असतो. वारंवार दुखण्याचे झटके येत असतील तर हायड्रॉक्सीयुरियाबद्दल विचारा. ती रोज घ्यायची आणि पेशी मोजत घ्यायची गोळी आहे. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी गोळ्यांचा साठा आणि रिपोर्टची प्रत सोबत घ्यावी. उन्हातलं अतिश्रम आणि कमी पाणी, हीच झटका आणणारी कारणं आहेत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आणि लोहाच्या गोळ्या: सिकलचं रक्त कमी दिसलं की आपल्या मनाने देऊ नका. ज्यांना अनेकदा रक्त चढवलं आहे त्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेलं असतं.

प्रश्न (एरंडोल) : हिमोग्लोबिन ९.२. दोन महिने बीट खातेय, वाढत नाही.

बीटचा लाल रंग लोहाचा नाही. बीटात लोह फार थोडं. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, तिच्या आगेमागे एक-दोन तास चहा नको. शौच काळं होतं, घाबरू नका. महिनाभरात हिमोग्लोबिन किमान १ ने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी पचत नाही, रक्त कुठून तरी जातंय (पाळी, मूळव्याध, जंत) किंवा कारण लोह नाहीच. तेव्हा डोस न वाढवता कारण शोधा.

प्रश्न (चोपडा) : शेजाऱ्यांना भरीत पार्टीहून आल्यावर छातीत जळजळ, डावा हात जड. गॅस म्हणून सोडा प्यायले. पहाटे दवाखान्यात नेलं तर पहिला ईसीजी नॉर्मल, दुसऱ्यात अटॅक. असं कसं?

असंच होतं, आणि म्हणूनच एका ईसीजीवर घरी परतायचं नसतं. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत गुठळी आधी अर्धवट अडकते, सुटते, पुन्हा अडकते. त्या मधल्या क्षणी काढलेली पट्टी साफ येऊ शकते. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढतात. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणीही सुरुवातीला नॉर्मल असू शकते, कारण स्नायू मरायला लागल्यावर ते रक्तात उतरायला काही तास जातात.

हातात का दुखतं? हृदयाच्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूत ज्या पातळीला शिरतात, तिथेच हाताच्या आतल्या बाजूच्या नसाही येतात. मेंदूला घर ओळखता येतं, दार ओळखता येत नाही. जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, इथेही दुखतं. मधुमेहींना आणि बायकांना कधी कधी नुसता घाम, धाप आणि मळमळ. भरितावर तेल-मिरची भरपूर असते, जळजळ होऊ शकते, पण घामाने सदरा भिजला असेल तर गॅस म्हणत बसू नका.

माणसाला बसवा, चालवू नका. ॲस्पिरिनची ३०० मिग्रॅच्या आसपासची साधी गोळी चावून खायला द्या, म्हणजे ती लवकर रक्तात जाते. ॲलर्जी किंवा अंगातून रक्तस्राव होत असेल तर नको. जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंद करणारी गोळी) शेजारच्याच्या डब्यातून घेऊन देऊ नका, बीपी आधीच उतरलेला असेल तर माणूस कोसळतो. १०८ ला फोन करा, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. ईसीजी पोहोचल्यावर १० मिनिटांत व्हायला हवा. अँजिओप्लास्टीचं (नळी घालून बंद धमनी उघडण्याची सोय असलेलं) गाव लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथे देता येईल का, हे पहिल्याच डॉक्टरांना विचारा. ते १२ तासांपर्यंत देतात, पण पहिल्या ३ तासांत सर्वांत जास्त स्नायू वाचतो. धुळे, नाशिक गाठण्यात जाणारा वेळ याच हिशोबातून वजा होतो.

माणूस कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळवे ठेवून ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत.

प्रश्न (साक्री) : भावाला फुरसं चावलं. डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत ठेवलं आणि २० मिनिटं कुणी त्याला हातच लावला नाही. वेळ वाया घालवला का?

नाही. तीच तपासणी होती, आणि ती नीट केली म्हणूनच हात लावला नाही.

फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्तातले गोठवणारे घटक भसाभस वापरले जातात. वाहिन्यांत बारीक बारीक गोठण होत राहतं आणि शेवटी गोठायला काही उरतच नाही. मग हिरड्यांतून, जखमेतून, लघवीतून रक्त येतं. हे दिसायच्या आधी ओळखायचं म्हणून शिरेतलं २ मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. मग एकदाच वाकडी करतात. गोळा चिकटून राहिला तर गोठलं, रक्त वाहिलं तर विष रक्तात काम करतंय. काच महत्त्वाची, कारण काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागलं की गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत, किंवा साबणाने धुतलेल्या जुन्या नळीत, निरोगी माणसाचं रक्तही वाहू शकतं. म्हणून शंका असेल तिथे शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची दुसरी नळी ठेवतात. अधूनमधून वाकवून बघितलं तरी निकाल बिघडतो.

रक्त पहिल्यांदा गोठलं तरी सुटका नाही. पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला पुन्हा. रक्त गोठलं नाही तर प्रतिविष सुरू होतं, आणि पुढची नळी ६ तासांनी, कारण यकृताला नवे घटक तयार करायला तेवढा वेळ लागतो. त्या काळात कुठेही दंडात-कमरेत इंजेक्शन देऊ नये, तिथे रक्त साकळतं. चावलेला पाय काठी बांधून स्थिर ठेवावा, पण दोरीने आवळू नये, चिरू नये. चावल्याची वेळ घड्याळात बघून सांगा आणि लघवी किती होते ते मोजा, कारण घोणसाच्या विषाचा पहिला मार अनेकदा मूत्रपिंडावर बसतो.

नाग आणि मण्यार यांच्यात ही नळी उपयोगाची नाही. त्यांचं विष नसांवर जातं आणि रक्त अगदी छान गोठतं. तिथे पापण्या जड होताहेत का, मान उचलता येते का आणि श्वास कसा चाललाय, हे बघत राहायचं असतं.